सायकलला पुढचं कॅरिअर: चिमट्यावर की फ्रेमवर?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलूच्या बाजारात भाजी न्यायला सायकलला पुढं कॅरिअर बसवायचंय, ते चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांवर) की फ्रेमवर हा प्रश्न आहे. मागचं कॅरिअर दुधाच्या दोन कॅननी अडलेलं आहे, दहा-दहा लिटरचे, तिथं आता जुडीसुद्धा मावत नाही. पुढचा माल म्हणजे मेथी, कोथिंबीर, वांगी, अधूनमधून टोमॅटो. वजन १२ ते १५ किलो, रोज एक खेप, एका बाजूनं ७ किलोमीटर. त्यातले तीन किलोमीटर पांदण.

घरात दोन सायकली आहेत. एक काळी २८ इंची, रॉडब्रेकची. दुसरी हायब्रीड, ७०० × ३८ चे टायर, साधा लोखंडी चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. हायब्रीडच्या चिमट्याला खाली टोकाशी दोन्हीकडं एकेक आट्यांचं भोक आहे, मधे काही नाही.

विचारायचं असं: कोणत्या सायकलला बसवावं, तयार घ्यावं की वेल्डरकडून करून घ्यावं, आणि कॅरिअर चिमट्यावर उभं राहणारं बरं की फ्रेमला धरलेलं?

पाना_दहा_नंबर

आधी एक गोष्ट पक्की करा. हँडलला नुसतं अडकवलेलं काहीही १५ किलोला चालत नाही. दुकानात मिळणाऱ्या जाळीच्या टोपल्या तीन-चार किलोच्या कामाच्या. त्याहून जास्त भरलं की हँडलवरची पकड फिरते, टोपली पुढं झुकते आणि ब्रेकच्या वायरी दाबल्या जातात.

१५ किलोला भार खाली उतरला पाहिजे. म्हणजे कॅरिअरचे पाय एक्सलपाशी टेकलेले हवेत, नाहीतर फ्रेमला दोन ठिकाणी भक्कम पकड हवी. तिसरा रस्ता नाही.

तेरणाथडी

फ्रेमवरचं घ्या, डोळे झाकून. नेदरलँड्समध्ये माल वाहणाऱ्या सायकलींना पुढचं कॅरिअर फ्रेमच्या डोक्याला धरलेलं असतं. हँडल वळलं तरी माल जागेवर, त्यामुळं हात हलका राहतो. इंग्लंडात पाव आणि मटण पोचवणाऱ्या जुन्या सायकलींचंही तसंच होतं. पुढचं चाक मुद्दाम लहान आणि त्यावर फ्रेमला धरलेली मोठी टोपली.

आरे_छत्तीस

तेरणाथडी, त्या सायकलींच्या फ्रेमला कारखान्यातच कान किंवा नळ्या जोडलेल्या असतात. आपल्याकडच्या साध्या फ्रेमला ते नसतात, मग क्लॅम्प मारावा लागतो. त्याचा हिशेब करून बघा.

१५ किलो माल हेडपाईपपासून (हँडलखालचा फ्रेमचा पुढचा पाईप) ३० सेंटिमीटर पुढं. त्याची पीळ साधारण ४४ न्यूटन-मीटर. दोन क्लॅम्पमधे १० सेंटिमीटर अंतर असेल तर वरचा क्लॅम्प ४५ किलोच्या ताकदीनं पुढं ओढला जातो आणि खालचा तेवढ्याच ताकदीनं मागं दाबला जातो. हे सायकल उभी असताना. पांदणीच्या खड्ड्यात तिप्पट धरून चाला. एवढ्या ओढीत गोल पाईपवरचा क्लॅम्प हळूहळू फिरतो, रंग खरवडतो, कॅरिअर एका अंगाला कलतं. १५ किलोला क्लॅम्पचं फ्रेम-कॅरिअर मी सुचवणार नाही. फ्रेमला मुळातच कान असतील तर मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही, हे मान्य.

माळरान

कशाला एवढं किचकट करायलात? मागच्याच कॅरिअरला दोन्हीकडं झोळ्या लावा, मधे भाजी. पुढं काही नकोच.

पाना_दहा_नंबर

माळरानभाऊ, मागं आधीच २० लिटर दूध आहे. ते झालं साडेवीस किलो, वर कॅनचं वजन. त्यात १५ किलो भाजी टाकली तर चाळिशी गाठते. मागची रिम आऊट होणार, आणि चढावर पुढचं चाक हलकं पडून हँडल भरकटणार. पुढं थोडा भार असला तर सायकल उलट नीट बसते. त्यांचा विचार बरोबर आहे.

दुधनाकाठ

@आरे_छत्तीस, म्हणजे चिमट्यावरचंच? पण मग हँडल जड होणार ना?

आरे_छत्तीस

जड होतं, पण किती ते चिमट्याच्या ठेवणीवर ठरतं. हेडपाईपची तिरकी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढं जाऊन भेटते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असेल तर रिकामी सायकल वेगात सरळ धावते, पण पुढं भार टाकून हळू चालवताना हँडल एकदा कलंडलं की कलंडतच जातं. पॅरिसमधे वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहणाऱ्या पोर्तर सायकली पुढच्या मोठ्या कॅरिअरसाठी प्रसिद्ध. पुढचा भार डोळ्यापुढं ठेवून बांधलेल्या फ्रेंच सायकलींत ट्रेल ३० ते ४० मिलिमीटर ठेवत. आजच्या हायब्रीडला तो ७० च्या आसपास असतो. हेडपाईप ७१ अंश, चिमट्याचा बाक (एक्सल हेडपाईपच्या रेषेपुढं जितका असतो तेवढं अंतर) ४५ मिलिमीटर आणि ७०० × ३८ टायर धरला तर हिशेबानं ७२-७३ येतो.

काळ्या सायकलीचा हेडपाईप जास्त तिरका, पण चिमट्याचा बाकही मोठा, त्यामुळं ट्रेल त्यामानानं आवाक्यात राहतो. वर हँडल रुंद आणि मागं वळलेलं, हाताला भरपूर जोर मिळतो. माझं मत काळीला.

घरी मोजायचं असेल तर सायकल सरळ उभी करा, हेडपाईपला लांब सरळ पट्टी लावून ती जमिनीवर जिथं टेकते तिथं खडूची खूण करा. मग एक्सलवरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा, दुसरी खूण करा. दोन खुणांतलं अंतर टेपनं मोजा. पाच-सात मिलिमीटरची चूक होईल, तेवढी चालते.

खडकपूर्णा

काळीला रॉडब्रेक आहेत हे विसरू नका. पावसात लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं. बसणारा ६५, सायकल २०, दूध आणि कॅन २३, भाजी १५ धरली तर सव्वाशे किलो थांबवायचे आहेत. हायब्रीडचे डिस्क ब्रेक त्यासाठी सोन्यासारखे.

पाना_दहा_नंबर

मुद्दा खरा आहे, पण डिस्कवाल्या चिमट्यावर कॅरिअर बसवताना दोन अडचणी येतात, त्या समजून घ्या.

डावीकडं कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा ब्रेकचा भाग, बाहेर आलेला असतो. कॅरिअरचा पाय त्याला घासतो म्हणून लोक १२-१५ मिलिमीटरची नळी मधे घालून लांब बोल्ट मारतात. बोल्टवर नुसता काप (आडवा कातरणारा जोर) असला तर एम५ बोल्ट १५ किलोला सहज पुरतो. पण मधे नळी आली की बोल्ट वाकायला लागतो, आणि रोज हजारो वेळा वाकून आट्याच्या पहिल्या घेरापाशी तुटतो. म्हणून नळीपेक्षा पायच बाहेरून बाक दिलेला असावा, म्हणजे टोक चिमट्याला चपटं टेकेल.

दुसरी अडचण चाकाची. हायब्रीडचं पुढचं चाक खटक्याच्या एक्सलचं (पान्याविना, दांडी दाबून आवळायचं) असेल तर कॅरिअरची पट्टी खटक्याखाली कधीही दाबू नका. डिस्क ब्रेक लागला की चाकाला खाचेतून बाहेर ढकलणारा जोर तयार होतो. खटक्याच्या दातेरी तोंडानं थेट चिमट्याला चावा घेतलेला असला तरच तो जोर थोपतो. मधे गुळगुळीत पट्टी आली की चावा गेला.

तेरणाथडी

आणि आतल्या बाजूला बोल्टचं टोक डिस्कच्या चकतीला लागत नाही ना, तेही बघायचं. चाक हातानं फिरवून कान लावला की कळतं.

हिमरूशाल

हायब्रीडचा चिमटा शॉकअपचा नाही हे आधीच सांगितलंत ते बरं केलंत. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते. शॉकअप चिमट्यावर कॅरिअर लावायचंच असेल तर ते खालच्या, चाकाबरोबर हलणाऱ्या नळ्यांनाच पूर्ण धरलेलं हवं. पाय खाली आणि वरची पट्टी हँडलला असं केलं तर शॉकअप दबताना दोन टोकांमधलं अंतर बदलतं, कॅरिअर वाकतं नाहीतर पट्टी तुटते. तसंही त्यावर पाच-सात किलोच्या वर जाऊ नये. आणि कार्बनच्या चिमट्याला क्लॅम्प मारायचाच नाही, तो आवळून चिरडतो.

माळरान

बरं, मग मधे भोक नसलेल्या चिमट्याला वरचा आधार कुठं द्यायचा? क्लॅम्प मारला की तो खाली सरकतो, हे सगळ्यांच्याच सायकलीवर बघायलोय.

पाना_दहा_नंबर

सरकतो कारण चिमट्याचा पाय खाली निमुळता होत जातो. क्लॅम्प खाली गेला की ढिला, ढिला झाला की आणखी खाली. लोक मधे ट्यूबचा रबर गुंडाळतात आणि तिथंच चुकतं. रबर दाबाखाली पसरत राहतो, आज आवळलेला बोल्ट आठवड्यात सैल. रबराऐवजी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी एक वेढा गुंडाळा. रंग वाचतो आणि पकड बसते.

पण खरं म्हणजे क्लॅम्पवर वजन टाकायचंच नाही. वजन एक्सलपाशी, क्लॅम्पनं फक्त कॅरिअर पुढं-मागं पडू द्यायचं नाही. एवढंच काम दिलं तर क्लॅम्प चिमट्याच्या माथ्याखाली लगेच बसवा, तिथं पाय जाड असतो.

प्लास्टिकच्या टायपट्ट्या या कामाला अजिबात नकोत. परभणी-नांदेडचं मे महिन्याचं ऊन त्यांना एका मोसमात ठिसूळ करतं.

जालना_भट्टी

आता वेल्डरच्या बाजूनं लिहितो, कारण प्रश्नात तेही विचारलंय.

तयार कॅरिअर हायब्रीडच्या मापाची मिळतात, २८ इंची काळीला सहसा बसत नाहीत. काळीची रिम ६३५ मिलिमीटरची, हायब्रीडची ६२२. त्यावर काळीचा टायर दीड इंची. तयार कॅरिअरचे पाय आखूड पडतात. तेव्हा काळी ठरली असेल तर बनवूनच घ्या.

बरेच जण ८ मिलिमीटरचा भरीव गज वापरतात. गजाचं वजन काढायचं सूत्र जालन्यात पोरासोरांना पाठ आहे: व्यास गुणिले व्यास भागिले १६२, आलं मीटरचं किलोत वजन. ८ चा गज म्हणजे ६४ भागिले १६२, मीटरला ३९५ ग्रॅम. अर्धा इंची पाईप १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचा, मीटरला ३४० ग्रॅम. वजन थोडं कमीच, पण वाकण्याला विरोध गजाच्या साडेतीन पट. डुगडुगणारं कॅरिअर आणि ताठ कॅरिअर यातला फरक तो हाच. तेव्हा सांगाडा पाईपचा, वरच्या आडव्या पट्ट्या ६ मिलिमीटर गजाच्या.

माप असं धरा. वरचा पाट ४० × २८ सेंटिमीटर, ४० बाजू आडवी. चौकटीला १३६ सेंटिमीटर पाईप. दोन्हीकडं दोन-दोन पाय, व्ही आकारात खाली एक्सलला येणारे, प्रत्येकी साधारण ४० सेंटिमीटर, म्हणजे १६० सेंटिमीटर. एकूण तीन मीटर पाईप, एक किलोच्या आसपास. चार आडवे गज २८ सेंटिमीटरचे, पाव किलो. खाली एक्सलला बसणाऱ्या दोन पट्ट्या २५ × ३ मिलिमीटरच्या. सगळं मिळून दीड किलोच्या आत.

पाय एकेरी ठेवू नका. एकेरी पाय म्हणजे बिजागरी, पाट पुढं-मागं डोलतो.

दुधनाकाठ

हे फारच कामाचं लिहिलंत, वहीत उतरवून घेतलं. एक शंका. वरचा आधार चिमट्यालाच वेल्ड करून टाकला तर क्लॅम्पची कटकट जाईल का?

जालना_भट्टी

नाही. चिमट्याला वेल्ड लावायचं नाही आणि त्याला भोकही पाडायचं नाही. टाक्याशेजारची नळी उष्णतेनं बदलते, आणि पुढं खड्ड्यांच्या दणक्यांनी चीर तिथूनच सुरू होते. मागचं कॅरिअर तुटलं तर माल पडतो. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

कॅरिअरचा टाकासुद्धा सायकलवर बसवून मारू देऊ नका. मापासाठी बारीक टाके मारायचे तेवढेच, तेही अर्थिंगचा चिमटा थेट कॅरिअरला लावून. अर्थिंग फ्रेमला लावलं की करंट छर्‍यांतून जातो, छर्रे आणि कटोरीवर खड्डे पडतात, मग चाक खरखरतं.

आरे_छत्तीस

याला दुजोरा. आणि गॅल्वनाईज पाईप आणू नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो, वेल्डरला थंडी वाजून ताप येतो. काळा पाईप घ्या, वेल्डिंग झाल्यावर घासून रेड ऑक्साईड आणि वर ऑईलपेंट.

गोणपाट

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. भाजी ठेवणार कशात? प्लास्टिकचा मोठा क्रेट ५४ × ३६ सेंटिमीटरचा येतो. तो आडवा ठेवला तर गुडघ्याला नाही लागत, पण दारातून आणि गर्दीतून जाताना दोन्हीकडं अडतो. उभा ठेवला तर पुढं फार जातो.

हिमरूशाल

मोठा क्रेट नकोच. त्यात टोमॅटो भरले तर वीस किलोच्या वर जातात, आणि जागा आहे म्हटलं की माणूस भरतोच. अर्धा क्रेट घ्या, किंवा बुरुडाची चौकोनी टोपली करून घ्या. बांबूची टोपली हलकी, भाजीला हवा लागते, आणि खड्ड्यात थोडी लवते म्हणून वांगी ठेचाळत नाहीत. तळाला दोन बांबूच्या पट्ट्या जास्त घालायला सांगा, पाटाच्या गजांवर बसतील अशा अंतरानं.

बांधायला आकड्यांचे रबर दोन, एकमेकांना काट मारून. आकडा मोकळा सोडू नका. सुटलेला आकडा थेट तारांत जातो.

गोणपाट

मेथी-कोथिंबिरीवर ओलं गोणपाट टाकत असाल तर एक काळजी घ्या. पाणी ठिबकून थेट एक्सलवर पडतं. ग्रीस धुऊन जातं आणि कोन (एक्सलवरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो नट) खाल्ला जातो. टोपलीखाली जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरा, त्याची मागची कड खाली वळवा, पाणी चाकाच्या मागं पडेल. पावसाळा संपला की पुढचा हब उघडून छर्रे पुसायचे, नवं ग्रीस भरायचं.

माळरान

पांदणीच्या चिखलाचं कोणी बोललं नाही. आपल्या काळ्या मातीत मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल कोंबून चाक जागेवर थांबतं, त्यात वरून कॅरिअर.

पाना_दहा_नंबर

हे महत्त्वाचं. डांबरी रस्त्यापुरतं टायर आणि कॅरिअरमधे १५ मिलिमीटर पुरतं. आपल्या मातीत टायरपासून पाटाच्या बुडापर्यंत ३५ तरी ठेवा, म्हणजे मधे मडगार्ड जाऊनही जागा उरते. पायांच्या आतल्या अंगाला टायरपासून २० मिलिमीटर. यापेक्षा जास्त उंच मात्र नको, कारण माल जितका वर तितकं हँडल नाचरं. काळीला एक्सलपासून टायरच्या माथ्यापर्यंत ३५५ मिलिमीटर धरा, म्हणजे पाट एक्सलपासून ३९० वर येतो. जालना_भट्टींचे ४० सेंटिमीटरचे पाय अगदी बरोबर बसतात, तिरकस गेले तर एक-दोन सेंटिमीटर वाढवा.

रॉडब्रेकचा घोडा (रबर धरणारी वाकडी पट्टी) वर उचलला जातो तेव्हा पाटाला लागता कामा नये. पाटाची मागची आडवी नळी त्याच्या पुढंच थांबवा. बसवल्यावर ब्रेक पूर्ण दाबून बघा, मधे बोट गेलं पाहिजे.

आणि हेडपाईपच्या पुढं दिव्याचा कान असतो ना, त्याला काहीही बांधू नका. ती दिव्यापुरती पातळ पट्टी आहे. उलट दिवा तिथून काढून कॅरिअरच्या पुढच्या नळीला खाली लावा, नाहीतर टोपलीनं उजेड अडतो.

खडकपूर्णा

काळीला पुढच्या चाकात ३२ तारा असतात, मागं ४०. १५ किलो पुढं घेणार तर तारा एकदा ताणून घ्या. शेजारच्या दोन तारा बोटांनी दाबून बघा, एखादी लगेच दबली तर ती ढिली. ढिली तार आधी तुटते, मग तिच्या शेजारच्या.

हवा पुढच्या चाकात नेहमीपेक्षा ५-१० पीएसआय जास्त, पण टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याच्या आत. कमी हवेत रिम खड्ड्यात आपटते आणि ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात. बाभळीचा काटा तर आपल्याकडं पाचवीला पुजलेला आहेच, त्यासाठी ट्यूब आणि टायरमधे जुन्या टायरची पट्टी घालणारे आहेत. वजन वाढतं, पण काटा आत पोचत नाही.

तेरणाथडी

मी अजून फ्रेमवरच्या कॅरिअरच्या बाजूचा आहे, पण क्लॅम्पचा हिशेब पटला. आता चिमट्यावरचंच ठरतंय तर उभी करण्याची अडचण सांगतो. माल टाकला की हँडल एकदम फिरतं आणि अख्खी सायकल आडवी होते. मागचा जोडस्टँड असला तरी पुढचं चाक मोकळंच राहतं.

उपाय साधा आहे. खालच्या तिरप्या पाईपला एक क्लॅम्प, मडगार्डच्या मागं चिमट्याच्या माथ्यावर दुसरा, आणि मधे दाराला लावतात तसली हलकी स्प्रिंग. चाक सरळ असताना स्प्रिंग जेमतेम ताणलेली हवी. चाक कुठंही वळलं तर ती सरळ ओढते. फार कडक घेतली तर चालवताना हाताला झुंजावं लागतं. स्प्रिंग नसेल तर ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टीही चालते, फक्त दर उन्हाळ्यात बदला.

हिमरूशाल

भरताना दूध आधी, भाजी नंतर. उतरवताना भाजी आधी. उलट केलं तर सायकल स्टँडवरून पुढं सरकते.

खडकपूर्णा

माझा ब्रेकचा मुद्दा तसाच राहिला. काळी घेणार असाल तर ब्रेकचे चारही रबर नवे टाका. जुने घासून काचेसारखे चकचकीत झाले असतील तर पॉलिशपेपरनं घासून भागत नाही. रॉडच्या सांध्यांतली पिना ढिल्या असतील तर त्या आधी बदला, अर्धी दाब तिथंच वाया जाते. पावसात थांबायचं असेल तिथून बरंच आधी हलका ब्रेक धरा, रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग खरा ब्रेक लागतो. सेलू-परभणीकडं सपाट आहे म्हणून एवढ्यावर भागेल. कन्नड घाटासारख्या उतारावर हा भार रॉडब्रेकवर नेऊ नये.

दुधनाकाठ

सगळं वाचून असं ठरवलंय: काळी सायकल, चिमट्यावरचं कॅरिअर, अर्धा इंची १८ गेज पाईप, पाट ४० × २८, व्ही पाय एक्सलवर, वरचे दोन क्लॅम्प माथ्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. भाजी जास्तीत जास्त १२ किलो. ब्रेकचे रबर आणि पिना नव्या.

दोन प्रश्न राहिले. एक्सलवर पट्टी कोणत्या क्रमानं बसवायची, मडगार्डची तारही तिथंच आहे. आणि आमच्या वेल्डरकडं पाईप वाकवायचं मशीन नाही, चौकटीचे कोपरे कसे काढायचे?

पाना_दहा_नंबर

क्रम असा: चिमटा, त्याला चिकटून कॅरिअरची पट्टी, मग मडगार्डची तार, मग वायसर, मग नट. वजन वाहणारी पट्टी चिमट्याच्या जितकी जवळ तितका एक्सल कमी वाकतो. नट आवळल्यावर एक्सलचे निदान दोन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत. तीन मिलिमीटरची पट्टी आत गेली की दोन्हीकडचे तीन-तीन मिलिमीटर खर्च होतात. आटे दिसत नसतील तर लांब एक्सल घ्या, नट अर्धा धरून ठेवू नका.

बसवताना सगळे बोल्ट आधी बोटानं लावा, पाट समपातळीत आणा, मग खालून वर आवळत या. आधी वरचे क्लॅम्प आवळले तर पायात ताण राहतो आणि टाके तुटतात. क्लॅम्पला एम६ बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहसा न सुटणारा). आवळून झालं की प्रत्येक नटावरून पट्टीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, पाना न लावताच कळतं.

पहिली चाचणी भाजीवर नको. १२ लिटर पाणी मोठ्या कॅनमधे भरा, ते पाणी बरोबर १२ किलो. पाटाच्या मधोमध बांधून पांदणीवर एक चक्कर मारा, मग रेघा बघा. पहिला आठवडा रोज बघायच्या.

जालना_भट्टी

कोपऱ्यांचं सांगतो. पाईपात कोरडी बारीक वाळू भरायची. वाळू तव्यावर भाजून घ्या, ओल राहिली तर गरम केल्यावर वाफ कोंडून टोकाचा बोळा बंदुकीसारखा उडतो. एक टोक लाकडी गुट्ट्यानं बंद करा, वाळू ओतताना पाईप हातोडीच्या दांड्यानं ठोकत राहा म्हणजे ती दाबून बसते, मग दुसरा गुट्टा. जिथं वाकवायचं तिथं खडूची खूण, त्या भागातलं चार बोटं अंतर गॅसवर लाल करा आणि अडीच इंची पाईपाभोवती हळूहळू ओढा. पाईपाची शिवण बाकाच्या बाहेर किंवा आत येऊ देऊ नका, बाजूला ठेवा, नाहीतर तिथं फाटतो.

चारही कोपरे एकाच पाईपातून काढा, जोड मागच्या आडव्या नळीच्या मधे येऊ द्या, तिथं ताण सगळ्यात कमी असतो. जोडाच्या आत १० मिलिमीटरचा गज दोन इंच घालून मग टाका मारा. पाईप पातळ आहे, तेव्हा २.५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड आणि करंट कमी, थांबून थांबून. गॅसवर पितळी झाळ मारणारा कोणी असेल तर त्याच्याकडूनच करा, १८ गेजला भोक पडायची भीती नाही.

दुधनाकाठ

पितळी झाळवाला बाजारात आहे, कढया-पातेल्यांची कामं करतो. उद्या पाईप आणि वाळू घेऊन त्याच्याकडंच जातो. वाळू भाजूनच नेतो.